तिसऱ्या पाळीतला साहेब

"सांगितलं असतं तर काय झालं असतं, मॅडम?"

एका वीस-बावीस वर्षांच्या ऑपरेटरने मला हा प्रश्न जिन्यात विचारला. त्यात उर्मटपणा नव्हता, खरंच माहिती हवी असल्यासारखा त्याने विचारला. रात्री त्याच्या मशीनवर इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलला होता, ऑफसेट (त्या टोकाची जागा ठरवणारा आकडा) जरा जास्त दिला गेला आणि बोअर, म्हणजे नगातलं भोक, मोठा यायला लागला. भोक तपासायच्या गेजची नो-गो बाजू नगात जायलाच नको, ती सरळ आत उतरत होती. दोनच्या सुमारास त्याच्या ते लक्षात आलं होतं. तरी मशीन सकाळी सहापर्यंत चालू राहिलं. बोअर लहान आला तर नग पुन्हा मशीनवर चढवता येतो, मोठा आला की थेट भंगार. सकाळी इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ लाल क्रेट एकावर एक चढत गेले, आणि हा मुलगा घरी जायच्या कपड्यांत, डोळे तारवटलेले, हाताला कूलंटचा तो आंबूस वास, कंपनीची बस निघून गेलेली, असा सकाळच्या मिटिंगमध्ये भिंतीला टेकून उभा होता. आमचे प्रॉडक्शन हेड त्याच्याशी अगदी शांतपणे बोलले. आवाज जरासुद्धा चढला नाही. "बेटा, माझा दरवाजा उघडाच असतो ना? रात्री फोन केला असतास तरी चाललं असतं," असं ते म्हणाले. मुलाने मान हलवली. मिटिंग संपल्यावर जिन्यात मी त्याला गाठून विचारलं, का रे सांगितलं नाहीस? तेव्हा त्याने तो प्रश्न माझ्याकडे टाकला आणि उत्तराची वाट न बघता गेटकडे चालू लागला.

मला तो प्रश्न सोडवेना. कारण आमचे हेड हा खरोखर चांगला माणूस आहे. त्यांच्या आधीचे गृहस्थ फाइल फेकून मारायचे. हे आले तेव्हा सगळ्या मजल्याने श्वास सोडला होता. यांना हेल्परची नावं पाठ असतात, कॅन्टीनमध्ये ते ऑपरेटरांच्याच टेबलावर ताट घेऊन बसतात, कुणाच्या घरी आजारपण असलं तर दुसऱ्या दिवशी आठवणीने चौकशी करतात. मागे बाणेरच्या एका हॉटेलात आम्हा सगळ्यांना नेतृत्वशैलीच्या ट्रेनिंगला बसवलं होतं. प्रश्नावली भरायची, गुण मोजायचे आणि आपली शैली कोणती ते रंगीत तक्त्यावर शोधायचं. हेडची शैली 'सहभागी' आली. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. प्रश्नावलीने त्यांच्याबद्दल खोटं सांगितलं असं मी आजही म्हणणार नाही. आणि तरी त्यांच्या कारखान्यात एक मुलगा चार तास भंगार तयार करत राहिला, आणि उघड्या दरवाजापर्यंत काही गेला नाही.

त्या दिवसापासून मला अण्णांची फार आठवण येते आहे.

माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात होती. पत्र्याची शेड, उन्हाळ्यात तापून वरून आग ओकणारी. बिडाची पूड इतकी की संध्याकाळी रुमालाने नाक पुसलं तर रुमाल काळा व्हायचा. अण्णा तिथले फोरमन. अण्णांचा आवाज सगळ्या मशीनच्या वर ऐकू यायचा आणि त्या आवाजातलं निम्मं बोलणं इथे लिहिण्यासारखं नसायचं. ट्रेनिंगवाल्यांनी त्यांना प्रश्नावली दिली असती तर त्यांनी ती हात पुसायला वापरली असती. पण अण्णांच्या शेडमध्ये काही बिघडलं की पाच मिनिटांत ते अण्णांना कळायचं. मला हे तेव्हा साधं, स्वाभाविक वाटायचं. सगळीकडे असंच असेल असं वाटायचं.

एक दुपार डोळ्यांपुढे आहे. अण्णा चहाला बसले होते. ड्रिलिंगवरचा माणूस आला आणि म्हणाला, "अण्णा, राडा झालाय." अण्णांनी चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला आणि चालता चालता एकच शब्द विचारला, "कधीपासून?" मशीनपाशी जाऊन त्यांनी आधी नग उचलला, बनियनच्या चिंधीने पुसला, भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग मान कलती करून स्पिंडलचा आवाज ऐकला. मग ट्रेमधल्या नगांच्या रांगेवरून उलट्या दिशेने गेज लावत गेले. हा गेला, हाही गेला, हा चांगला. "इथनं धर," म्हणाले. त्या नगाच्या पुढचं सगळं बाजूला काढलं आणि तीन माणसं सॉर्टिंगला बसवली, चौथे स्वतः बसले. एवढं सगळं झाल्यावर मग शिव्या. शिव्या सगळ्यांना, समप्रमाणात. ड्रिलिंगवाल्याला, मेंटेनन्सला, ज्याने ड्रिल धारेला लावलं नव्हतं त्याला, मलाही. पुढच्या चहापर्यंत सगळं संपलेलं. "कोणी केलं?" हा प्रश्न त्या दिवशी निघालाच नाही, कारण तो निघायच्या आत सगळे कामाला लागले होते.

पण अण्णांवर सोनेरी मुलामा चढवायला माझा हात धजत नाही. त्याच शेडमध्ये एका ट्रेनी मुलाने बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली होती. सीझनची गर्दी होती, डिस्पॅच अडलं होतं. अण्णांनी सगळ्यांसमोर त्या मुलाचा उद्धार केला. त्याचा, त्याच्या गावाचा, त्याच्या घरच्यांचा. तो मुलगा लातूरकडचा होता, अंगाने बारका, नेहमी सदरा खोचून यायचा. त्याने एक शब्द काढला नाही. लग्नाला गेला तो परत आला नाही, राहिलेला पगार घ्यायलासुद्धा नाही. आणि मी तिथे लागले तेव्हा अण्णा कितीतरी दिवस माझ्याशी थेट बोलतच नसत. मी समोर उभी असताना हेल्परला म्हणत, "मॅडमना सांग, लॉट सोडायचाय." मला त्याचा राग यायचा आणि अजूनही येतो. मायेपोटी असेल, संकोच असेल, त्यांच्या काळाचं वळण असेल, लोक मला अशी स्पष्टीकरणं देतात. ज्याला समोर असून नसल्यासारखं वागवलं जातं त्याला ती उपयोगी पडत नाहीत.

पुस्तकात अण्णांचा कप्पा ठरलेला आहे. हुकूमशाही. हे कप्पे जिथून आले तो प्रयोग मोठ्या माणसांवर झालाच नव्हता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी लिपिट आणि व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळं केली. मुलांनी मुखवटे बनवायचे, तसलीच हस्तकला करायची. कुठल्या मंडळाला हुकूम सोडणारा मोठा माणूस दिला, कुठल्या मंडळाला चर्चा करून ठरवणारा, कुठे नुसता बसून राहणारा. हुकमी मंडळातली मुलं मोठा माणूस खोलीत असेपर्यंत भरपूर काम करायची. त्या प्रयोगातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. मोठा माणूस मुद्दाम मधूनच खोलीबाहेर जायचा. हुकमी मंडळाचं काम तिथल्या तिथे पडायचं. चर्चेच्या मंडळातली मुलं मान वर न करता मुखवटे रंगवत राहायची.

हे वाचलं तेव्हा मला पहिली आठवली ती तिसरी पाळी.

कारखान्यात न राबलेल्या माणसाला तिसरी पाळी म्हणजे फक्त रात्रीचं काम वाटतं. खरं तर ती साहेब खोलीबाहेर गेल्याची वेळ आहे. ऑफिसचा मजला अंधारात, एसी बंद, कॅन्टीनमध्ये थर्मासमधला दुपारचाच चहा. तीन लाइनला मिळून एक सुपरवायझर, तोही पहाटे चारला कुठेतरी खुर्चीत मान टाकून. डोक्यावरचे दिवे पांढरेशुभ्र, त्यामुळे माणसांचे चेहरे आजारी दिसतात. प्रत्येक लाइनपाशी तासाच्या उत्पादनाचा बोर्ड, त्यावर आकडा आपला आपण लिहायचा. साहेबाचं जे काही तुमच्यात मुरलेलं असेल तेवढंच त्या वेळी तुमच्यासोबत असतं. अण्णांच्या शेडमध्येही रात्रपाळी असायची. प्रयोगाच्या हिशेबाने तिथे काम पडायला हवं होतं. ते पडायचं नाही. मशीन बिघडलं तर ऑपरेटर ते बंद करून नग बाजूला मांडून ठेवायचा, खडूने जमिनीवर वेळ लिहायचा आणि सकाळी अण्णा आले की तिथेच नेऊन उभं करायचा. म्हणजे अण्णा हुकूमशहा होते हे खरं, पण त्या एका बाबतीत काहीतरी वेगळंही होते, आणि ते वेगळं कुठल्या रंगात दाखवायचं ते त्या तक्त्यावर नाही.

नुसतं बसून राहणाऱ्या मोठ्या माणसाचाही अनुभव मी घेतला आहे. मधल्या काही वर्षांत मी ज्यांच्या हाताखाली होते ते साहेब कशातही लुडबुड करत नसत. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, तुमच्यावर विश्वास आहे." सुरुवातीला मला आकाश मोकळं झाल्यासारखं वाटलं. माझे निर्णय, माझी सही. मग एकदा परदेशी कस्टमरची तक्रार आली, फोटो, रिपोर्ट, आठ तासांत उत्तर द्या वगैरे. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले तर ते म्हणाले, "तुम्हीच ठरवलं होतं ना ते? मग तुम्हीच बघा." स्वर अजिबात वाकडा नव्हता. त्या रात्री त्या मोठ्या ऑफिसात मी एकटी बसून उत्तर लिहीत होते तेव्हा अण्णांच्या चार शिव्यासुद्धा सोबत वाटल्या असत्या.

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे. त्याचं उत्तर मी जिन्यात दिलं नाही, पण मिटिंग रूममध्ये परत गेले तेव्हा ते तिथेच पडद्यावर लागलेलं होतं. आमच्या रिजेक्शनच्या फॉर्ममध्ये तारखेनंतरचा पहिला रकाना 'ऑपरेटरचे नाव' असा आहे. त्यानंतर शिफ्ट, मग मशीन, मग नगांची संख्या, आणि बिघाड कधी सुरू झाला याला रकानाच नाही. फॉर्मच्या खाली व्हाय-व्हाय अॅनालिसिस. 'का' असं पाच वेळा विचारून मुळापर्यंत जायचं ही त्यामागची कल्पना. मी मागच्या काही महिन्यांचे फॉर्म काढून वाचले. तिसऱ्या 'का'लाच गाडी एका ठरलेल्या स्टेशनावर येऊन थांबते, 'ऑपरेटरचे दुर्लक्ष'. उपाययोजनेत लिहिलेलं असतं, 'ऑपरेटरला समज देण्यात आली व पुन्हा प्रशिक्षण देण्यात आले'. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट कोणी तपासायचा, रात्री सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा माणूस, का नसतो, तीन लाइनला एक सुपरवायझर कसा पुरणार, हे प्रश्न त्या स्टेशनाच्या पुढचे. तिथपर्यंत गाडी जात नाही. फॉर्म भरला की नावं कॅन्टीनच्या वाटेवरच्या बोर्डावर लागतात, महिन्याचं रिजेक्शन नावानिशी. बोर्ड सुंदर आहे, काचेचा.

आणि मिटिंगमध्ये मागच्या बाजूला एक माणूस नेहमी उभा असतो, तो कधीच बोलत नाही. लेबर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. आमच्या लाइनवरची बहुतेक मुलं कायम नाहीत, ठेकेदाराची आहेत. कोणी वाशिमचं, कोणी बीडचं, कोणी बिहारमधून आलेलं. चार-पाच जण मिळून चाकणजवळ एक खोली घेऊन राहतात, पाळीपाळीने झोपतात. यांना कोणी काढत नाही. संध्याकाळी ठेकेदार फक्त सांगतो, उद्यापासून गेटपास बंद. नोटीस नाही, चौकशी नाही, त्यात प्रॉडक्शन हेडची सही नाही. मला खात्री आहे की आमच्या हेडने आजपर्यंत एकाही मुलाला काढा असं तोंडाने म्हटलेलं नाही. त्यांना म्हणावं लागत नाही. बोर्डावर नाव आलं की पुढचं आपोआप होतं. त्या मुलाने दोन वाजता फोन केला असता तर नाव लागणार हे नक्की होतं. गप्प बसला तर काही नग चांगल्यात मिसळून निघून जातील, निदान दुसऱ्या कुणाच्या पाळीत सापडतील, अशी थोडी आशा होती. त्याने हिशेब केला आणि त्याच्या जागेवरून तो हिशेब चुकीचा नव्हता.

गोड बोलणं आणि कडू बोलणं यावर आपण साहेबांची फार वर्गवारी करतो. खालून बघणाऱ्याला आधी एवढंच बघावं लागतं की वाईट बातमी दिल्यावर आपलं काय होणार.

टोयोटाच्या दोरीची, म्हणजे काही बिघडलं की कामगाराने ओढायच्या दोरीची, गोष्ट उत्पादनातल्या माणसांना नवी नाही, आमच्याही लाइनवर तशी दोरी आहे, पिवळी, प्लॅस्टिकचं वेष्टण अजून निघालेलं नाही. या दोरीचं मूळ मोटारीत नाही, मागात आहे. टोयोटाचं मूळ ज्यांच्या मागांच्या धंद्यात आहे त्या साकिची तोयोदांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग बनवला त्यात सूत तुटलं की माग आपणहून थांबायचा. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबलेला माग बरा, हा त्यातला विचार. पण मला त्याहून मोठी वाटते ती कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची हकीकत. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. गैरहजेरी, दारू, भांडणं, संप, वाट्टेल ते चाललेलं. कामगार म्हणजे कंपनीच्या लेखी देशातले सगळ्यात वाईट. तिथे एकच नियम पवित्र होता, काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही. दोन वर्षांनी तोच कारखाना टोयोटा आणि जीएमने मिळून न्यूमी या नावाने सुरू केला आणि कामावर घेतली ती बहुतेक जुनीच माणसं, युनियनही तीच. त्यांच्यातल्या अनेकांना जपानला नेऊन लाइन दाखवली. परत आल्यावर त्यांच्या हाताशी दोरी दिली. थोड्याच काळात त्या कारखान्यातल्या गाड्या जीएमच्या चांगल्या गाड्यांमध्ये गणल्या जाऊ लागल्या.

माणसं तीच असताना हे झालं, म्हणून मला ही गोष्ट सोडवत नाही. आणि दोरी ओढल्यावर काय होतं ते नीट बघायला हवं. दोरी ओढली की लाइन लगेच थांबत नाही, ठरलेल्या खुणेपर्यंत पुढे सरकत राहते. तेवढ्या वेळात टीम लीडर तिथे पोचलेला असतो. तो पोचू शकतो, कारण चार-सहा माणसांमागे एक टीम लीडर आहे. दोघांनी मिळून अडचण सोडवली तर लाइन थांबतच नाही. म्हणजे दोरीच्या दुसऱ्या टोकाला पैसे खर्च करून एक माणूस ठेवलेला आहे, ज्याचं कामच मुळी धावत येणं हे आहे. आमच्या पिवळ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला रात्री कोण आहे? तीन लाइनचा एक सुपरवायझर आणि सकाळचा फॉर्म. जीएमलाही फ्रीमाँटमधलं हे आपल्या बाकीच्या कारखान्यांत उतरवायला पुष्कळ वर्षं लागली. दोरी विकत मिळते, ती बसवायला एक दिवस पुरतो.

कधी कधी सांगणारा सांगतो आणि तरीही काही होत नाही. २२ मे २०१०च्या सकाळी दुबईहून मंगळूरला उतरणारं विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. विमान प्रमाणापेक्षा उंचावरून, वेगात येत होतं. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सहवैमानिकाने पुन्हा वर उडण्याबद्दल, 'गो अराउंड' म्हणून, सांगितल्याची नोंद आहे, तरी कॅप्टनने उतरणं चालू ठेवलं. विमान क्षेत्रात ज्येष्ठ-कनिष्ठांच्या या दरीवर १९७९ पासून पद्धतशीर काम चालू आहे, कनिष्ठाने कसं बोलावं आणि कॅप्टनने कसं ऐकावं याचं प्रशिक्षण जगभर दिलं जातं, आणि तरीही. मी तो अहवाल वाचताना सारखी त्या सहवैमानिकाच्या खुर्चीत जाऊन बसत होते. आपल्याकडे मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा तेच सांगणं उद्धटपणा समजला जातो. लहानपणापासून आपण एकदा सांगून गप्प बसायला शिकतो. तिसऱ्यांदा सांगण्याची सवय ऐन वेळी अंगात येत नाही. रोजच्या बारीकसारीक गोष्टींत साहेबाने ती लावून घ्यावी लागते, आणि त्यासाठी साहेबाला रोज थोडा कमीपणा घ्यावा लागतो.

नेतृत्वाचा विषय निघाला की इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन आणि कलामांची गोष्ट कोणीतरी सांगतंच. बाणेरच्या ट्रेनिंगमध्येही झाली. १० ऑगस्ट १९७९ला कलामांच्या हाताखाली बनलेलं एसएलव्ही-३ हे उपग्रह सोडणारं रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं, धवन पत्रकारांसमोर स्वतः गेले आणि अपयश स्वतःकडे घेतलं, पुढच्या वर्षी १८ जुलैला यश आलं तेव्हा कलामांना पुढे पाठवलं. ऐकून दर वेळी घसा भरून येतो. पण या गोष्टीचा एक भाग सहसा गाळला जातो, जो कलाम स्वतः सांगत. त्या फसलेल्या उड्डाणाआधी शेवटच्या मिनिटांत संगणकाने उलटी मोजणी थांबवली होती. गळती दिसत होती. तज्ज्ञांनी हिशेब करून इंधन पुरेसं आहे असं सांगितलं आणि कलामांनी संगणक बाजूला सारून उड्डाण करायचं ठरवलं. हे त्यांनी इतकी वर्षं हजारो मुलांसमोर मोकळेपणाने सांगितलं, ते का सांगू शकले याचं उत्तर मला त्या पत्रकार परिषदेत दिसतं. ज्या माणसाचं नाव बोर्डावर लागलं असतं तो आयुष्यभर सांगत राहिला असता की गळती नव्हतीच.

मी फॉर्मबद्दल बोलले. सकाळच्या मिटिंगमध्ये न बोलता हेडच्या केबिनमध्ये जाऊन बोलले, कारण मला त्यांचा अपमान करायचा नव्हता आणि काम व्हायला हवं होतं. मागचे फॉर्म टेबलावर पसरले, प्रत्येकातल्या तिसऱ्या 'का'वर बोट ठेवलं. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "पण नाव नको तर जबाबदारी कोणाची?" हा प्रश्न मला पोकळ वाटत नाही. जाणूनबुजून हलगर्जी करणारी माणसंही असतात, मी पाहिली आहेत, आणि त्यांचा भार शेजारच्या मशीनवरचा प्रामाणिक माणूस उचलतो. अण्णांना अशी माणसं बरोबर कळायची, कारण ते दिवसभर शेडमध्ये उभे असायचे. मिटिंग रूममधून पडद्यावर बघणाऱ्याला दोघांचंही नाव सारखंच दिसतं. मी म्हटलं, नाव राहू द्या, शेवटच्या रकान्यात राहू द्या. पहिला रकाना 'कधीपासून', दुसरा 'शेवटचा चांगला नग', तिसरा 'कोणाला बोलावलं आणि तो किती वेळात आला'. काचेच्या बोर्डावरची नावं उतरवा. आणि ज्या मुलाने स्वतः मशीन थांबवलं त्याचा गेटपास ठेकेदाराने आपल्याला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही, हे लेखी. सेटरबद्दलही बोलले, रात्री एक तरी सेटर हवा. तिथे त्यांनी हात वर केले, माणसं वाढवणं त्यांच्या हातात नाही, पुण्याच्या ऑफिसकडून मंजुरी लागते. बाकीचं त्यांनी मान्य केलं, एका लाइनवर, तात्पुरतं. त्या मुलाचा गेटपास मात्र त्याच आठवड्यात बंद झाला होता. ते आम्हा दोघांनाही नंतर कळलं.

पहिल्या महिन्याचा आकडा आला आहे. त्या लाइनचं नोंदलेलं रिजेक्शन वाढलं. वरच्या ऑफिसमधून विचारणा झाली आहे की पद्धत बदलल्यावर क्वालिटी खाली का गेली. एमी एडमंडसन नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापिकेला नव्वदच्या दशकात रुग्णालयांमध्ये हेच दिसलं होतं. चांगल्या नेतृत्वाखालच्या वॉर्डमध्ये औषधांच्या चुका कमी निघतील म्हणून त्या बघायला गेल्या, तर तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं की त्या वॉर्डमधल्या नर्सना चूक सांगायची भीती वाटत नव्हती. हे मी लिहून पाठवणार आहे, पण रुग्णालयाचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात ते तिकडचं. म्हणून त्यासोबत दोन आकडे जोडते आहे. या महिन्यात रिजेक्शनच्या घटना जास्त आहेत, पण एका घटनेतले खराब नग फार कमी आहेत, कारण मशीन लवकर थांबलं. आणि कस्टमरकडून परत आलेले नग त्या लाइनवर या महिन्यात एकही नाही. एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, निदान तीन महिने बघायला हवं. तेवढा वेळ मागितला आहे. हेड म्हणाले, "मी सही करतो, माझ्या नावाने जाऊ दे." तिसऱ्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी रात्रीचं उत्तर एकच आहे, सुपरवायझर दुसऱ्या लाइनवर होता, पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं. ती पानं मी सेटरच्या मागणीला जोडली आहेत.